सात महिने गाडी सॉर्नवर ठेवली, त्याचा अनुभव

नोव्हेंबर 2024 मध्ये आई अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं आणि मी चार दिवसांत युकेमधून सांगलीला जायचं तिकीट काढलं. परत कधी येणार काहीच नक्की नव्हतं, ऑफिसमधून बिनपगारी रजा मिळाली तेवढंच बरं. मग प्रश्न आला गाडीचा, कारण मी इथे एकटी राहते, गाडी घरासमोर रस्त्यावर पार्किंग परमिटवर उभी असते, ती कुणी चालवणार नाही आणि टॅक्स इन्शुरन्स मात्र चालूच राहणार. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली सॉर्न कर. मी केलं, सात महिने ठेवलं, आता गाडी परत रस्त्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहितेय, कारण इथल्या आपल्या लोकांमध्ये याबद्दल फार अर्धवट माहिती फिरते.

सॉर्न म्हणजे स्टॅट्युटरी ऑफ रोड नोटिफिकेशन. ही गाडी आता सार्वजनिक रस्त्यावर नाही, असं आपण डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी आणि लायसन्स बघणाऱ्या इथल्या सरकारी खात्याला, कळवायचं. 1998 पासून ही पद्धत आहे. गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द होत नाही, नंबर तोच राहतो, लॉगबुक म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद आपल्याच नावावर राहतो, फक्त टॅक्स थांबतो. एक पैसा फी नाही. पूर्वी दर वर्षी परत भरायला लागायचं, 2013 च्या शेवटापासून ते बंद झालं, आता एकदा केलं की आपण परत टॅक्स भरेपर्यंत, गाडी विकेपर्यंत किंवा भंगारात देईपर्यंत चालू राहतं. म्हणजे फॉर्मचं काम पाच मिनिटांचं. खरा प्रश्न आहे गाडी ठेवायची कुठे, आणि त्यातच माझा जीव मेटाकुटीला आला.

कारण सॉर्नवरची गाडी रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. चालवायची नाही हे सगळ्यांना कळतं, उभी करायची नाही हे कळत नाही. परमिट असलं तरी नाही, दारासमोर असली तरी नाही. आमच्याच गल्लीत एकाने सॉर्न करून गाडी तशीच बाहेर ठेवली होती, एक दिवस चाकाला क्लॅम्प. सोडवायला 100 पौंड, आणि तिथल्या तिथे टॅक्स भरला नाही तर वर 160 पौंड डिपॉझिट, आणि 24 तासांत सोडवली नाही तर उचलून नेतात, मग 200 पौंड आणि रोजचे 21 पौंड वेगळे. कोर्टात गेलं तर रस्त्यावर वापरल्याचा दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून गॅरेज, ड्राइव्ह (घराच्या आवारातली गाडी लावायची जागा) किंवा कुणाची तरी खाजगी जागा आधी शोधा, मग फॉर्मकडे वळा.

मला जागा दिली मंडळातल्या एका काकूंनी. त्यांची मुलं बाहेरगावी असतात, ड्राइव्ह रिकामा असतो, म्हणाल्या आण गं गाडी, भाड्याचं नाव काढू नकोस. मंगळवारी संध्याकाळी गाडी नेली तर मागचा बंपर वीतभर बाहेर फुटपाथवर येत होता. मी म्हटलं चालेल की एवढं, पण काका ऐकेनात. फुटपाथ म्हणजे रस्त्याचाच भाग, वीतभर असो नाहीतर हातभर, म्हणाले. मग त्यांनी तिन्ही कचऱ्याचे डबे बागेच्या फाटकाआड ढकलले, गुलाबाची कुंडी उचलून पायरीवर ठेवली आणि स्वतः पुढे उभं राहून हाताने खुणा करत करत मला भिंतीपासून चार बोटं अंतरापर्यंत आत घेतलं. उतरायला ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडेना, मी पलीकडच्या सीटवरून बाहेर आले. त्या माणसाने थंडीत अर्धा तास घालवला माझ्यासाठी, मी विसरणार नाही.

आणि बरं झालं की मी आधी गाडी हलवली. माझा विचार उलटा होता, दुपारी ऑफिसमधून ऑनलाइन सॉर्न करून टाकू आणि संध्याकाळी गाडी काकूंकडे नेऊ. ते चुकलं असतं, कारण लॉगबुकवरचा 11 आकडी नंबर टाकून केलं की सॉर्न त्याच क्षणी लागू होतं, त्यानंतरची दोन मैलसुद्धा बेकायदा. टॅक्स रिमाइंडरच्या पत्रावरचा 16 आकडी नंबर वापरला तर पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून लागू होतं. आपल्याला हवी ती तारीख टाकता येत नाही.

पैशाचं गणित नीट समजून घ्या कारण इथे एका दिवसाने महिना जातो. रिफंड फक्त उरलेल्या पूर्ण महिन्यांचा मिळतो. मी ऑगस्टमध्ये वर्षाचे 190 पौंड एकदम भरले होते, सॉर्न केलं 28 नोव्हेंबरला, त्यामुळे डिसेंबर ते जुलै असे आठ महिने परत मिळाले, साधारण 126 पौंड. तेच तीन दिवस आळस करून 1 डिसेंबरला केलं असतं तर डिसेंबर गेला असता. डायरेक्ट डेबिटने हप्त्यांत भरत असाल तर ते आपोआप थांबतं, पण त्यावर लावलेले 5 टक्के जास्तीचे परत मिळत नाहीत.

आता माझी चूक सांगते, लोकांनी करू नये म्हणून. रिफंडचा चेक लॉगबुकवरच्या पत्त्यावर जातो आणि माझ्या लॉगबुकवर जुन्या फ्लॅटचा पत्ता होता. घर बदलून दीड वर्ष झालं होतं, लायसन्सवर पत्ता बदलला होता आणि मी समजत होते की झालं काम. लायसन्स वेगळं आणि लॉगबुक वेगळं, दोन्हीकडे स्वतंत्र कळवावं लागतं, न कळवल्यास 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या नशिबाने जुन्या फ्लॅटमधल्या मुलीने लिफाफा जपून ठेवला होता. सांगलीत आईच्या उशाशी बसून मी तिला मेसेज करत होते की पाकीट फेकू नकोस गं.

इन्शुरन्सबद्दल दोन टोकाची मतं ऐकली. नियम असा की इथे 2011 पासून गाडी वापरा न वापरा इन्शुरन्स हवाच, नाहीतर 100 पौंडांची पेनल्टी, पण सॉर्नवर असलेल्या गाडीला त्यातून सूट आहे. माझी पॉलिसी जानेवारीत संपली, मी रिन्यू केली नाही, कसलंही पत्र आलं नाही. पण फेब्रुवारीत जोराचा वारा सुटला आणि शेजारच्या कुंपणाची फळी गाडीवर पडली, डावा आरसा तुटला, दारावर लांबलचक ओरखडा. काकूंनी फोटो पाठवला तेव्हा हॉस्पिटलच्या फॉलोअपच्या रांगेत होते, रडूच आलं. आरशाचे नव्वद पौंड खिशातून गेले, ओरखडा अजून तसाच आहे. नुसती उभी गाडी असेल तर आग, चोरी, पडझड एवढ्यापुरती पॉलिसी मिळते, लेड अप कव्हर म्हणतात, पुढच्या वेळी मी ती घेणार म्हणजे घेणार. नो क्लेम बोनस साधारण दोन वर्षं न वापरता टिकतो, त्यामुळे नवी पॉलिसी घेताना माझा तसाच धरला गेला.

परतले 20 जूनला. टॅक्स जूनमध्येच भरता आला असता पण टॅक्स नेहमी महिन्याच्या 1 तारखेपासून धरतात, दहा दिवसांसाठी अख्खा जून भरावा लागला असता, म्हणून दहा दिवस बसने फिरले. सॉर्न रद्द करायचा वेगळा फॉर्म वगैरे नसतो, टॅक्स भरला की सॉर्न संपलं. पण टॅक्स भरायला एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, झालेली लागते आणि माझी एमओटी मार्चमध्ये संपलेली. मग गाडी एमओटीला न्यायची कशी? तर आधी बुक केलेल्या एमओटीला किंवा तशाच दुसऱ्या तपासणीला जाण्या-येण्यापुरती सॉर्नवरची गाडी रस्त्यावर आणता येते, एवढीच एक सूट आहे, पण त्या प्रवासाला इन्शुरन्स हवाच. वाटेत दूध घ्यायला थांबायचं नाही, पेट्रोल भरायला वळसा घालायचा नाही, सरळ जायचं. मी 1 जुलैची अपॉइंटमेंट घेतली, त्याच दिवसापासून नवी पॉलिसी घेतली, बुकिंगचा ईमेल मोबाइलवर उघडून ठेवला.

बॅटरी अर्थातच मेलेली होती. जाताना काकांनी निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायला सांगितलं होतं, ते घाईत राहून गेलं. हँडब्रेक मात्र त्यांच्या सांगण्यावरून न लावता गिअरमध्ये ठेवून चाकाला विटा लावल्या होत्या, त्यामुळे ब्रेक चिकटले नाहीत. डिस्कवर तांबूस गंज होता, पहिल्या दोन ब्रेकला खरखर आवाज आला आणि गेला. टायरमधली हवा निम्मी, काकांच्या पंपाने भरली. आरसा त्याआधीच बदलून घेतला होता.

एमओटीची कारसाठी कमाल फी 54.85 पौंड आहे, तेवढीच घेतली, गाडी पास झाली. तिथल्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइलवर टॅक्स भरला, 2025 मध्ये ते वर्षाचे 195 झाले होते, आणि मगच गाडीत बसले.

एक गोष्ट विचारतात म्हणून सांगते, इलेक्ट्रिक गाडीलाही हे सगळं लागू आहे. पूर्वी टॅक्स शून्य होता तेव्हाही गाडी एकतर टॅक्सवर नाहीतर सॉर्नवर असायलाच लागायची, आणि एप्रिल 2025 पासून तर त्यांनाही पैसे भरावे लागतात. दोन्हीपैकी काहीच केलं नाही तर 80 पौंडांचं पत्र येतं, 33 दिवसांत भरलं तर 40. आणि सेकंडहँड गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाचं सॉर्न तुमच्याकडे येत नाही, टॅक्सही येत नाही, नव्याने करायचं.

महिना-दीड महिन्यासाठी जात असाल तर मी म्हणेन या भानगडीत पडू नका, वाचतात पंधरा-तीस पौंड आणि जागा शोधण्यात दमछाक होते. तीन महिन्यांच्या वर असेल आणि स्वतःचा ड्राइव्ह असेल तर नक्की करा. माझ्यासारखी रस्त्यावरच्या पार्किंगवाली असाल तर आधी ओळखीत कुणाचा ड्राइव्ह रिकामा आहे ते विचारा, आणि जाताना टेप घेऊन जा, गाडीची लांबी आणि ड्राइव्हची लांबी दोन्ही मोजा.