विकासाच्या प्रश्नावर पीएचडी : महाराष्ट्रात राहून की ब्रिटनला जाऊन?

एमएसडब्ल्यू झालंय किंवा अर्थशास्त्र, समाजशास्त्रातलं एमए. ऊसतोड, वनहक्क, पाणी, स्थलांतर असा एखादा प्रश्न मनात धरलाय आणि पीएचडी करायची हेही नक्की आहे. अडलंय ते कुठे करायची यावर. एका बाजूला देवनारची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि आपापली विद्यापीठं. दुसऱ्या बाजूला ससेक्सची विकास-अभ्यास संस्था आयडीएस, लंडनचं सोअ‍ॅस किंवा एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स). दोन्हीकडची तुलना बहुतेक जण जागतिक क्रमवारीपासून सुरू करतात. माझ्या मते ती तुमच्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. म्हणून बीडच्या ऊसतोड मजुरांचा विषय घेऊन दोन्ही वाटा तपासून बघू.

हंगाम कोणाचा?

या विषयात वर्षाची आखणी संशोधकाच्या हातात नसते, कारखान्याच्या असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, त्याच्या बरीच आधी, पावसाळ्यात घेतलेली असते. म्हणजे मुकादमाशी (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराशी) होणारा व्यवहार समजून घ्यायचा तर तेव्हा गावात असायला हवं. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसभर किती राबतो हे बघायचं तर डिसेंबर-जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तळावर मुक्काम हवा. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहातली मुलं भेटायची तर त्याच महिन्यांत पुन्हा बीड गाठायचं. बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. ते दुखणं एका मुलाखतीत कोणी सांगत नाही. त्याच घरी दुसऱ्या वर्षी गेलात तर कदाचित सांगतील.

ब्रिटनमधली पीएचडी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. पहिलं वर्ष वाचन आणि आराखड्याचं. तो मंजूर झाला की दुसऱ्या वर्षी फील्डवर्क, मग परत जाऊन लिखाण. शिष्यवृत्ती बहुधा तीन ते साडेतीन-चार वर्षांची असते. या चौकटीत तुमच्या वाट्याला एकच हंगाम येतो. त्या वर्षी पाऊस दगा देऊन ऊसच कमी झाला आणि कारखाने लवकर बंद झाले, तर त्या एका अपवादाच्या वर्षावर सगळा प्रबंध उभा राहतो.

इकडे यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे. दोन-तीन हंगाम सहज बसतात. पण हीच मोकळीक अनेकांना महागात पडते. तासिका तत्त्वावरची नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या आणि कामात बुडालेले मार्गदर्शक यांमध्ये लिखाण वर्षानुवर्षं लांबतं. तिकडची मुदत कठोर असते, पण ती माणसाला लिहायला बसवते. स्वतःला शिस्त लावणं जड जात असेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

पैसा

नेट या पात्रता परीक्षेबरोबर जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे एसआरएफ म्हणून 42,000 रुपये, शिवाय घरभाडं. वयोमर्यादा 30 वर्षांची. महिला, ओबीसी, एससी आणि एसटी उमेदवारांना पाच वर्षांची सूट आहे. जेआरएफ हुकली तर राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या बघा. कोणतीही असली तरी पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं गृहीत धरू नका. पाच-सहा महिने पदरच्या पैशावर निघतील एवढी सोय ठेवूनच रुजू व्हा. गरीब घरातून आलेल्या मुलामुलींची गळती बौद्धिक कारणांपेक्षा याच कारणाने जास्त होते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

ब्रिटनमध्ये शिष्यवृत्तीशिवाय जाण्याचा विचारही करू नका. सामाजिक शास्त्रांत परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या आसपास किंवा वरच असते आणि राहण्याचा खर्च वेगळा. तिथल्या सरकारी संशोधन परिषदांचा निधी 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला झालाय, पण परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण 30 टक्क्यांपर्यंतच ठेवलेलं आहे. त्याखेरीज फेलिक्ससारख्या शिष्यवृत्त्या आहेत.

इथे एक धोक्याचं वळण आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या 2022-23 च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. ज्या दलित, भटक्या-विमुक्त आणि भूमिहीन घरांतल्या मुलांसाठी ही योजना आहे, त्यांनी स्वतःच्या समाजाच्या प्रश्नावर परदेशात अभ्यास करायचा म्हटलं तर हा दरवाजा बंद. मला हे अन्यायाचं वाटतं. ऊसतोडीचा आराखडा घेऊन या योजनेवर विसंबण्याआधी चालू वर्षाची अधिसूचना शब्दन्‌शब्द वाचा. राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिच्या अटी स्वतंत्रपणे पाहा.

मार्गदर्शक

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचे, हे दोन्हीकडे खरं. इकडे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे मनातल्या व्यक्तीकडे जागा आहे का ते आधी विचारा. शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतात. त्यातले दोन तरी शेवटपर्यंत वाचा. गावातल्या मुलाखती प्रबंधात कशा आल्यात, की नुसते तक्ते भरलेत, यावरून पुष्कळ कळतं.

तिकडे बहुधा दोन मार्गदर्शक असतात, ठरावीक भेटी होतात आणि त्यांची नोंद राहते. लिखाणावर बारकाईने टिपणं मिळतात. ब्राझील किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या ऊसमजुरांवर काम करणारं कोणीतरी शेजारच्या टेबलावर असतं आणि बीडचा प्रश्न बीडपुरता नाही हे रोज समोर दिसतं. आपल्याकडे अशी संगत क्वचित मिळते. उलट उचल, मुकादम, पाल (तळावरची झोपडी) हे सगळं लंडनच्या मार्गदर्शकांना पहिल्यापासून समजावून द्यावं लागतं. त्यात वेळ जातो, पण आपण जे गृहीत धरलेलं असतं ते त्यातूनच उघडं पडतं.

गावात पाऊल ठेवताना

ब्रिटिश विद्यापीठाची नीतिसमिती मंजुरी देईपर्यंत एकही मुलाखत घेता येत नाही. संमतीपत्र आणि जोखमीचा तपशील सगळं आधी द्यावं लागतं. ज्या मजुराने कोऱ्या कागदावर अंगठा देऊन उचल घेतली असेल, तो तुमच्या कागदावर सही कशी करेल? तोंडी संमतीची परवानगी कारणांसह आधीच मागून ठेवा, ती मिळते. इकडे काही संस्थांमध्ये अशी समिती कडक आहे, काही ठिकाणी नावापुरती. समिती ढिली असली तरी नावं लपवण्याची जबाबदारी तुमचीच. मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षीची उचल त्या घराची जाते, तुमची नाही.

ओळखीच्या बाबतीत इथली संस्था निर्विवाद पुढे आहे. टिसचं तुळजापूरचं केंद्र मराठवाड्यातच आहे. शिवाय आपल्याकडे गावपाहणीची जुनी परंपरा आहे. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी 1917 मध्ये प्रसिद्ध केली. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने 1975 पासून सोलापूरच्या शिरापूर व कळमण आणि अकोल्याच्या कानझरा व किनखेड इथल्या कुटुंबांच्या नोंदी ठेवल्या. त्या आधारावर काम करायचं तर लंडनला जाण्याची गरज नाही. मात्र विषय दुष्काळाच्या किंवा जमीन महसुलाच्या इतिहासाकडे झुकणारा असेल तर ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरं मोठं आकर्षण आहे.

भाषेचाही विचार करा. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत प्रबंध मराठीतून लिहिता येतो. तो त्या टोळीतल्या शिकलेल्या मुलीला वाचता येईल, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

नंतर काय?

महाराष्ट्रात प्राध्यापकी करायची असेल तर नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) आधीच काढून ठेवा, पीएचडी कुठलीही असो. जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मधल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी सहायक प्राध्यापक पदासाठी चालते, पण मुळात कायम जागाच कमी निघतात. आंतरराष्ट्रीय संस्थांकडे जायचं असेल तर ब्रिटनची पदवी जास्त दारं उघडते.

मी काय निवडेन

ऊसतोडीसारखा हंगामाला बांधलेला, विश्वासावर चालणारा विषय असेल तर नोंदणी महाराष्ट्रात. तुलना, सिद्धान्त किंवा जुनी दप्तरं यांवर भर असेल तर आणि पूर्ण शिष्यवृत्ती हातात असेल तरच ब्रिटन. तिसरी वाट फार कमी जणांना माहीत असते : कॉमनवेल्थची विभागून पीएचडीची शिष्यवृत्ती. नोंदणी इथेच राहते आणि 12 महिने ब्रिटनमधल्या विद्यापीठात मार्गदर्शन मिळतं. दोन हंगाम गावात काढल्यावर, वह्या भरल्यावर ते वर्ष घेतलं तर त्याचा खरा उपयोग होतो. त्यासाठी तिकडच्या प्राध्यापकांशी संपर्क वर्षभर आधी हवा. पत्रात स्वतःची ओळख दोन ओळींत, प्रश्न एका परिच्छेदात आणि सोबत फील्डमधल्या नोंदींची चार-पाच पानं इंग्रजीत करून जोडा.