माँटेग्यूची डायरी नव्याने बांधून घेतली: शुक्रवार पेठेतले बाइंडर काका

ब्रिटिश राजकारणी एडविन माँटेग्यूची भारतातली डायरी, १९३० सालची छापील प्रत, आजोबांच्या कपाटात होती. पाठ निघालेली, फॉर्म (एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या) सुटे झालेले, पुठ्ठा कसरीने खाल्लेला. आधी एका दुकानात दाखवली. ते म्हणाले, कडा मशीनवर कापून गोंदाने चिकटवून देतो. मी उचलून घरी आणली. समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या कशा कापू द्यायच्या?

शुक्रवार पेठेतल्या काकांनी आधी फॉर्म मोजले. मग कडांना सुरी न लावता दोऱ्याची जुजबंदी (एकेक फॉर्म घडीतून शिवणं), फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, पाठीला जाड कापड. आता पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं आणि शिवणीजवळची अक्षरंही वाचता येतात.

एवढी निगुती या पुस्तकाला हवीच होती. पाठ्यपुस्तकात माँटेग्यू म्हणजे 'माँटफर्ड'मधला, म्हणजे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या नावातला, अर्धा शब्द. इथे माणूस भेटतो. श्रीमंत ज्यू बँकरचा मुलगा, १९०६ साली ब्रिटिश संसदेत खासदार, जुलै १९१७ मध्ये भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री. २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने देण्याची घोषणा करून तो त्याच हिवाळ्यात इकडे आला आणि कित्येक महिने माणसं भेटत हिंडला. दिल्लीत टिळकांना भेटला. हिंदुस्थानात बहुधा सर्वांत जास्त वजन याच पुढाऱ्याचं, असं त्याने लिहून ठेवलंय. तिथे आजोबांची रेघ सर्वांत ठळक. पुढे सुधारणांचा अहवाल आल्यावर 'उजाडलं, पण सूर्य कुठे आहे?' असं 'केसरी'ने विचारलं, आणि ते रास्तच होतं: १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, म्हणजे काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे गेली, पण तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्याच हाती. तरीही जुलै १९२० मध्ये खवळलेल्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये जालियनवाला बागेतल्या जनरल डायरविरुद्ध हा माणूस उभा राहिला, याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो. मार्च १९२२ मध्ये मंत्रिमंडळाला न विचारता व्हाइसरॉयची तार प्रसिद्ध केली म्हणून मंत्रिपद गेलं, त्याच वर्षी निवडणुकीत पडला, आणि १९२४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. डायरी छापली ती त्याच्या पत्नीने, व्हेनिशियाने.

बांधणीचा दर नेहमीच्या दुप्पट पडतो, आणि तो योग्य आहे. विद्यापीठाच्या प्रबंधांची गर्दी असेल तेव्हा जाऊ नका, काम लांबतं. फोटो पाठवून भाव विचारला तर काका सांगत नाहीत; पुस्तक हातात द्यावं लागतं.