८ इंची स्केटबोर्ड सेटअप, ५ महिने आणि अजूनही अर्धवट किकफ्लिप

आधीच सांगून ठेवतो, मी ३१ वर्षांचा आहे, ऑफिसातून आल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्केटबोर्डवर ऑली (हात न लावता बोर्डासकट मारायची उडी) मारत बसतो आणि आमचे वॉचमन काका रोज विचारतात, "काय साहेब, आज तरी उडाला का?" त्यामुळे हा रिव्ह्यू कुणा प्रो माणसाचा नाहीये, फ्लॅटग्राउंडवर, म्हणजे सपाट जमिनीवर धडपडणाऱ्याचा आहे.

पहिला बोर्ड ऑनलाइन १,८०० ला घेतलेला. ट्रक (चाकं ज्यावर बसतात तो खालचा सांगाडा) प्लास्टिकचे, चाक हाताने फिरवलं की दोन गिरक्यांत गप्प, आणि टेल (बोर्डाचं मागचं टोक) आपटली की खणखणीत टॉक यायच्या ऐवजी धप. आठ महिने ऑली माचिसच्या पेटीएवढी, मला वाटायचं सगळा दोष माझ्याच पायांचा. अर्धा होताच म्हणा.

मग बंगळुरूच्या एका स्केटशॉपमधून सुटे पार्ट मागवले. ८ इंची सात थरांचा मेपल डेक (उभं राहायची फळी), त्याच रुंदीचे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रक, ५२ मिमी ९९ए ची (म्हणजे कडक) चाकं, बेअरिंग ग्रिप नटबोल्ट सगळं धरून साडेअकरा हजार गेले (घरी सात सांगितलेत, इथे कुणी ओळखीचं असेल तर प्लीज).

फरक पहिल्याच संध्याकाळी कळला. टेल खाली गेली की बोर्ड स्वतःहून वर यायला बघतो, पुढचा पाय ग्रिपवर (डेकवर चिकटवलेला खरखरीत कागद) घासत वर न्यायचा आणि मग नोजकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे ढकलायचा, की मागची चाकं पण वर येतात. आधी मी नुसता उडी मारायचो आणि बोर्ड खालीच. डेकच्या कडा वर वळलेल्या असल्याने पाय नेमका कुठेय ते खाली न बघता कळतं, आणि किकफ्लिपला (ऑलीत पायाने झटका देऊन बोर्ड लांबीच्या अक्षाभोवती एकदा पूर्ण उलटवायचा) फ्लिक मारायला टोकाला काहीतरी अडकवायला मिळतं. पॉप शव-इट (हवेत बोर्ड आडवा अर्धा फिरतो) तीन आठवड्यांत आली, किकफ्लिप मात्र अजून दहात एखादी, कारण मी पाय बाहेर झटकायच्या ऐवजी खाली मारतो आणि मग एक पाय बोर्डवर एक जमिनीवर, नाहीतर प्रिमो, म्हणजे बोर्ड कडेवर उभा आणि आपण त्याच्यावर. नडगीचं तर विचारूच नका. हे कुठलाही डेक करून देणार नाही. अमेरिकन स्केटर रॉडनी मलेनने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सपाट जमिनीवर ऑली आणि किकफ्लिप बसवली तेव्हा आजचे हे दोन्ही टोकांना गोल पॉप्सिकल डेक नव्हतेच, त्यामुळे मी बोर्डाला शिव्या द्यायचं बंद केलंय.

चाकांबद्दल. गुळगुळीत कोबा असेल तर ९९ए मस्त, लँडिंगला चिकटत नाहीत. पण आपल्याकडे जिथे तिथे पेव्हर ब्लॉक! त्यावरून गेलं की दात वाजतात आणि बारीक खडी आली की चाक जागच्या जागी थांबतं, तुम्ही पुढे. मला कोबा फक्त बी विंगच्या पार्किंगमध्ये मिळाला, तोही सकाळी ९ नंतर, गाड्या गेल्यावर, म्हणजे शनिवार-रविवारीच.

पावसाळ्यात एकदा ओल्या जमिनीवर मोह आवरला नाही. बेअरिंगला गंज आला, डेकच्या टेलचे थर सुटायला लागले आणि पॉप (टेल आपटल्यावरची उसळी) मेला तो मेलाच. वाळवूनही परत येत नाही. आता ५ महिन्यांत टेल घासून इतकी पातळ झालीये की पुढच्या महिन्यात नवा डेक लागणार. ट्रक आणि चाकं मात्र मस्त चालतील अजून, खर्च एकदाचा तिथेच जातो.

बजेटमध्ये बुटांचे पैसे पण धरा हां. माझे कॅनव्हासचे करंगळीच्या बाजूने महिन्याभरात फाटले, ग्रिप म्हणजे सँडपेपरच आहे शेवटी. स्वेड घेतले ते चार महिने टिकलेत, भोक आता कुठे दिसायला लागलंय.

पार्सल नीट आलं, पण नटबोल्ट एक कमी होता, फोन केल्यावर पाठवला, आठ दिवस लागले. पाच पैकी चार देतो. नुसतं नाक्यापर्यंत दूध आणायला जायचं असेल तर हा सेटअप घेऊ नका, ७८ए वाली मऊ मोठी चाकं घ्या. लहान मुलांसाठी साडेसातचा बघा, ८ इंची त्यांच्या पायाला जड पडतो.