दुबईला चटई पाठवताना: एलयूटी की आयजीएसटी?

जळगाव एमआयडीसीत चटया बनवणारा भाचा विचारत होता, "मामा, कर भरून माल पाठवू की न भरता?"

पैसा अडकण्याचं बघितलं तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, बरं. त्याचा आरएफडी-११ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, फी नाही. दर आर्थिक वर्षी नवा. पण बिलापासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला नाही, तर कर आणि १८ टक्के व्याज. तारीख भिंतीवर लिहून ठेव रे बाबा!

आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक जीएसटी, आधी भरला तर तो परत मिळतो; शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे भरलेला निर्यातीचा कागद, हाच परताव्याचा अर्ज. मात्र जीएसटीआर-१शी, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राशी, आकडे जुळायलाच हवेत.

खरी मेख यंत्रांची. एलयूटीवर माल पाठवला की खरेदीवर भरलेल्या कराचा (म्हणजे क्रेडिटचा) परतावा मागता येतो, पण त्यात यंत्रखरेदीचं क्रेडिट धरत नाहीत. आयजीएसटी भरताना ते वापरता येतं.

नवे लूम घेतलेत? आयजीएसटी. खेळतं भांडवल तुटपुंजं? एलयूटी.