टी-५५ (१:३५) : सात महिने एअरब्रश आणि ॲक्रिलिक रंग वापरल्यानंतर

०.३ मिमी नोझलचा ड्युअल ॲक्शन एअरब्रश (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही सांभाळणारी फवारणी), तीन लिटरच्या टाकीचा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर आणि टामिया या जपानी कंपनीचे दहा मिलीच्या बाटलीतले ॲक्रिलिक रंग. एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे किनारपट्टीवरचा घामट उन्हाळा आणि अख्खा पावसाळा धरून हे सगळं वापरलं. त्यातून टी-५५ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्याचं १:३५ मापाचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) एक प्लास्टिक मॉडेल पुरं झालं. आधीच सांगून टाकतो, पैसे वसूल आहेत. काम बिघडतं ते बहुतेक वेळा एअरब्रशमुळे नाही. कुठल्या थरावर कुठला थर चढवला आणि मध्ये किती थांबलो, यावर सगळं ठरतं.

पहिला प्रश्न थिनरचा, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावणाचा. टामियाचे हे रंग अल्कोहोलमध्ये विरघळणारे आहेत. पाण्यात पातळ केले तर ब्रशने कसेबसे चालतात, एअरब्रशमधून मात्र प्लास्टिकवर थेंब थेंब होऊन बसतात. कंपनीचा एक्स-२०ए हा ॲक्रिलिक थिनर चालतो, पण पिवळ्या झाकणाचा लॅकर थिनर वापरला की रंग पृष्ठभागाला खरा धरतो आणि मास्किंग टेपबरोबर उपटून येत नाही. एक भाग रंगाला दीड भाग थिनर, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर सात ते दहा सेंटीमीटर. व्हॅलेहो कंपनीच्या पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांच्या बाटल्या घरात असतील तर त्यांना हा थिनर चुकूनही लावू नका, दूध फाटावं तसा रंग फाटतो आणि नोझल गच्च होतं. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर फक्त धातूचे सुटे भाग धुवायला ठेवा. तो मॉडेलचं प्लास्टिक खातो आणि एअरब्रशमधले रबरी वायसरही फुगवतो.

आता पावसाळा. लॅकर थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि दमट हवेतलं पाणी त्या गार रंगावर बसतं. परिणाम म्हणजे हिरव्या रंगावर दुधी साय. मुसळधार पाऊस चालू असताना हे जवळजवळ हमखास होतं. थिनरमध्ये दहा टक्के रिटार्डर घातला की रंग सावकाश वाळतो आणि साय धरत नाही. आधीच धरली असेल तर हवा कोरडी झाल्यावर नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या, बरीचशी निघते. दुसरं पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीत साठतं. टाकीखालचा स्क्रू प्रत्येक बैठकीनंतर सोडायचा. जुलैत तिथून चमचाभर गढूळ पाणी निघतं. हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच असतो, पण तिथे हवा अजून गरम असते आणि वाफ पुढे निसटते. पाइपच्या दुसऱ्या टोकाला, एअरब्रशच्या जवळ, एक छोटा ट्रॅप आणखी लावला आणि एअरब्रशचं पाणी थुंकणं बंद झालं. कॉम्प्रेसर टाकी भरली की आपोआप थांबतो, म्हणून पिस्टनला विश्रांती मिळते. तरी सलग वीस-पंचवीस मिनिटांनंतर त्यावर हात ठेववत नाही.

सात महिन्यांत एअरब्रशचं काय झिजलं? सुईचं टोक एकदा वाकलं. रंग एका बाजूला फेकला जातो, हीच त्याची खूण. बाराशे नंबरच्या वॉटर पेपरवर सुई आडवी ठेवून, फिरवत टोकाकडे ओढली की सरळ होते. कपातल्या रंगात बुडबुडे यायला लागले तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलंय. चिरतं ते पान्याने जास्त आवळल्यामुळे. नोझल बोटांनी घट्ट करायचं आणि पाना फक्त टेकवायचा.

जोडणीवर थोडकंच. टी-५५चा टरेट (वरचा फिरता बुरूज) ओतीव पोलादाचा, पण किटमध्ये तो बहुधा साबणासारखा गुळगुळीत येतो. पातळ सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) भरपूर हात देऊन, प्लास्टिक मऊ झाल्यावर जुन्या टूथब्रशने उभं टोचत जायचं. एका वेळी तीन-चार सेंटीमीटरच. दुसऱ्या दिवशी चारशेच्या पेपरने वरवर घासा, ओतकामाचा खरखरीतपणा बरोबर उतरतो.

भारतीय लष्कराचा १९७१ चा रणगाडा करायचा असेल तर एक भाग किटमध्ये मिळणार नाही. समोर पाकिस्तानचा चिनी बनावटीचा टाइप ५९ रणगाडा होता आणि तो दिसायला टी-५५चा जुळा भाऊ. ओळख पटावी म्हणून आपल्या टी-५५च्या नळीवर मध्यभागी खोटा फुगीर भाग बसवलेला असे, सेंच्युरियन रणगाड्याच्या तोफेवर धूर काढणारा असतो तसा. पाव मिमीच्या प्लास्टिक शीटची पट्टी नळीभोवती गुंडाळून, कडा पुट्टीने उतरत्या करून तो होतो. नळीच्या टोकाचा मूळचा फुगा तसाच ठेवायचा. नेमकी जागा आणि जाडी त्या काळच्या फोटोवरून घ्या. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाणं होत असेल तर चाकं, जोड आणि वेल्डिंग बघायला ती जागा सोन्यासारखी आहे. रंगासाठी मात्र नाही. तिथले रणगाडे वर्षानुवर्षं वरून वरून रंगवलेले आहेत.

पट्ट्यात, म्हणजे चाकांभोवतीच्या ट्रॅकमध्ये, बहुतेकांची चूक होते. टी-५५ला पट्टा वर उचलून धरणारे रोलर नाहीत, त्यामुळे वरचा पट्टा सरळ चाकांवर लोळतो आणि पहिल्या-दुसऱ्या चाकामधल्या मोठ्या फटीत स्पष्ट झोळ पडतो. एकसंध मऊ पट्टा ताणलेल्या रबर बँडसारखा उभा राहिला तर रंग कितीही छान असो, ते खेळणंच दिसतं. चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचा थेंब द्या आणि पट्टा व फेंडर (चाकांवरचं पत्र्याचं छप्पर) यांच्यात स्पंज कोंबून रात्रभर ठेवा.

मूळ रंगासाठी टामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब. अर्ध्या बाटलीहून थोडा जास्त लागला. वरच्या भागांसाठी त्यात एक्सएफ-५७ बफ (फिकट पिवळसर) पंधरा टक्के. पांढरा घालू नका, हिरवा खडूसारखा होतो. मग दोन दिवस थांबून चकाकीचा क्लिअर कोट (पारदर्शक थर), त्यावर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), पुन्हा क्लिअर, पुन्हा दोन दिवस. पावसाळ्यात दोनाचे चार करा. नाकाशी धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर कोट वाळलेला नाही.

वॉशसाठी, म्हणजे खाचांत सावली भरणाऱ्या पातळ रंगासाठी, महागड्या तयार बाटलीची गरज नाही. कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल रंग पुठ्ठ्यावर काढून दोन-तीन तास ठेवायचा. पुठ्ठा तेल पिऊन घेतो, नाहीतर वॉश आठवडाभर चिकट राहतो. मग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या रंगाइतका पातळ करून फक्त रेषांत आणि रिव्हेटभोवती सोडायचा. इथे खरा धोका आहे. टर्पेंटाइन क्लिअर कोटला काही करत नाही, पण चाकांच्या मागे, दांड्यांच्या मुळाशी जिथे प्लास्टिक उघडं राहिलंय आणि जोडताना ताण आलाय, तिथे ते झिरपून भाग कटकन तुटतो. म्हणून रणगाडा उलटा करून पोटालाही प्रायमर आणि क्लिअर मारा. पोट कुणाला दिसत नाही, हे कारण चालणार नाही.

चकाकी घालवणारा मॅट कोट सर्वांत शेवटी, आणि चिखल-धूळ त्याच्यावर. सॉफ्ट पेस्टलची कांडी सँडपेपरवर घासून मिळणारी पूड पुरते. हा रणगाडा ढाक्याच्या वाटेवरचा असेल तर चिखल करडा-तपकिरी हवा, तिथे नद्यांचा गाळ आहे. सवयीने हात तांबड्या मातीकडे जातो. ती कांडी डब्यातच राहू द्या.