निळूभाऊ की डॉक्टर?

उन्हाळ्यात आमच्या धरमपेठेतल्या घरी कूलरचा स्पीड कमी करायचा, कारण ‘सामना’ सिनेमातला एकही शब्द बाबांना चुकवायचा नसतो. त्यातला भारी नट कोण, यात बाबा डॉ. श्रीराम लागूंच्या बाजूचे. त्यांचा दारूत बुडालेला मास्तर मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो तेव्हा काटा येतो, हे मलाही मान्य.

पण माझं मत निळूभाऊंनाच, म्हणजे निळू फुलेंना. त्यांच्या हिंदुराव पाटलाला ओरडावं लागत नाही; तो नुसता बघतो न् समोरचा गार पडतो! आणि 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये हाच माणूस पत्रकार दिगू होतो. शेवटी वेड लागल्यागत हसत सुटतो, ते हसू मला रात्रभर झोपू देत नाही. लागू शब्द तोलून टाकतात. निळूभाऊंची पापणीच पुरते.