आधी ८.७, मग १०: 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी'बद्दल माझं मत

पहिल्यांदा हा अल्बम लावला तेव्हा दुसऱ्या गाण्याच्या मध्येच मी इअरफोन काढून वायर तपासली. म्हटलं गेला बहुतेक, आवाज फाटतोय. दुसरे लावले तरी तेच! मग उशिरा डोक्यात प्रकाश पडला की बाबा रेकॉर्डिंगच असं आहे, आणि मुद्दाम आहे.

बँड न्यूट्रल मिल्क हॉटेल, अमेरिकन. म्हणजे मुख्यतः जेफ मँगम हा एक माणूस आणि त्याच्या भोवतीची मित्रमंडळी. १९९७ला डेन्व्हरमध्ये शाळेपासूनच्या दोस्ताच्या, रॉबर्ट श्नायडरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला आणि फेब्रुवारी १९९८ला मर्ज नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने काढला. ११ गाणी, साधारण ४० मिनिटं, संपला विषय.

गिटार साधी अकूस्टिकच आहे, पण तिला इतकं फझ (म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज) दिलंय की ती करवतीसारखी कापत जाते. आणि गंमत म्हणजे खरी करवतसुद्धा आहे! सुताराची करवत गुडघ्यात धरून तिच्या कडेवरून व्हायोलिनचा बो फिरवतात, त्यातून रडणाऱ्या बाईसारखा एक लांबलचक सूर निघतो, टायटल ट्रॅकमध्ये तो मागे ऐकू येतो. शिवाय ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, अकॉर्डियन, एका गाण्यात तर आयरिश पाइप्स, म्हणजे बॅगपाइपचाच एक प्रकार. ऐकताना कधी मिरवणूक निघालीय असं वाटतं तर कधी अंत्ययात्रा, बऱ्याचदा दोन्ही एकाच गाण्यात.

मँगमचा आवाज हा मात्र भांडणाचा मुद्दा आहे. तो गातो कमी आणि बेंबीच्या देठापासून ओरडतो जास्त. दुसरं गाणं तर सरळ येशूच्या नावाने गळा काढूनच सुरू होतं, ते ऐकून बरेच जण तिथेच बंद करतात आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. मीही एकदा बंद केलंच होतं.

शब्दांचं म्हणाल तर नाझींच्या छळछावणीत मेलेल्या ज्यू मुलीची, अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचून मँगम पार हलला होता, ते सगळीकडे झिरपलंय. 'हॉलंड, १९४५' हे सगळ्यात उड्या मारणारं गाणं, ड्रम्स धडाधड, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन जोरात, आणि शब्द बघाल तर त्या मुलीच्या आणि तिच्या बहिणीच्या मरणाचे. मी कितीतरी दिवस त्याच्यावर मान हलवत होतो आणि शब्द कळल्यावर ओशाळलो. बाकी ओळींचा अर्थ विचारू नका, दोन डोक्यांचा मुलगा बरणीत तरंगतोय वगैरे, अर्थ लावायला बसलात तर हाती काही लागत नाही पण आत कुठेतरी बरोबर जाऊन लागतं.

आता समीक्षकांची मजा. हा आज क्लासिक वगैरे म्हणतात ना, आला तेव्हा तसं काही नव्हतं. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटने १० पैकी ८.७ दिले, म्हणजे चांगलेच, पण आकाश कोसळलं असं नाही. रोलिंग स्टोन मासिकाला तर फारसा भावलाच नव्हता. मग मँगम दौऱ्यांना कंटाळून जवळजवळ गायबच झाला, आणि इकडे लोक एकमेकांना 'हे ऐकच' करत राहिले. २००५ला पुन्हा रिव्ह्यू आला तेव्हा त्याच पिचफोर्कने १० पैकी १०! बँड पुन्हा स्टेजवर आला तो थेट २०१३ला. मधल्या काळात अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता, पण माणूस गायब झाला की त्याच्याभोवती आपोआप वलय तयार होतं, हे मान्य करायला हवं. वरचे ते १.३ मार्क गाण्यांचे किती आणि गूढपणाचे किती, माझं म्हणणं अर्धे अर्धे.

तरी 'ओह कमली' ऐका. आठ मिनिटं, गिटार आणि गळा एकाच टेकमध्ये, म्हणजे न थांबता एका दमात रेकॉर्ड केलेलं, आणि अगदी शेवटी लक्ष देऊन ऐकलं तर मागून बँडमधला कोणीतरी थक्क होऊन शिवी हासडतो ती तशीच ठेवलीय. त्या शिवीपेक्षा बरा रिव्ह्यू मी तरी वाचलेला नाही.

माझ्याकडून ९. एक मार्क कापला तो मधल्या वाद्यांच्या गदारोळाचा, तिथे मी अजूनही फॉरवर्ड करतो. आणि हो, इअरफोन फेकू नका, ते ठीक आहेत.